त्रिशूलीकाठचा भात

“भात आणखी?”

मी नको म्हणालो, तरी फूलमाया दिदीनं माझ्या ताटात डावभर भात घातलाच. त्यावर डाळ ओतली, कडेला मुळ्याचं लोणचं ठेवलं आणि ती पलीकडच्या बाकाकडे वळली. डाळीला लसणाच्या जवळ जाणारा वास होता, पण तो लसूण नव्हता.

“जिंबू,” मी नुसतंच हुंगतोय हे पाहून ती म्हणाली. “वरच्या थंड मुलखातली पात. वाळवतात आणि तुपात परतून डाळीत घालतात.”

मला ते माहीत होतं. आठच दिवसांपूर्वी दिगूनं पोखऱ्याहून फोनवर आईला सांगितलं होतं, “आई, इथं फोडणीत जिरं नाही, कसलंसं गवत घालतात. आणतो तुझ्यासाठी पुडी बांधून.”

दिदीचं हॉटेल म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर आणि चार बाकं. समोर काठमांडूचा रस्ता, रस्त्यापलीकडे तुटलेला कडा आणि कड्याखाली त्रिशूली. श्रावण चालू होता. नदीत पाणी दिसतच नव्हतं, नुसता चिखल धावत होता, झाडंबिडं घेऊन. त्या चिखलात कुठंतरी पोखऱ्याहून निघालेली एक बस होती आणि त्या बसमध्ये माझा धाकटा भाऊ दिगंबर होता. दरड आली ती बसला घेऊनच खाली गेली, असं पाहणारे सांगत होते.

बार्शीत आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. वडील गेल्यावर ते मी सांभाळलं आणि दिगूला मोकळं सोडलं. तो औषधकंपनीत फिरतीवर होता. दिवाळीचे पैसे साठवायचा आणि एखाद्या नव्या मुलखात जाऊन यायचा. त्याला देवळं-डोंगर यांचं फार नव्हतं. कुठं काय खाल्लं, एवढंच तो सांगायचा. काठमांडूत उतरल्या दिवशीच त्याचा फोन आला होता की इथं मोदकासारखे मोमो मिळतात, पण आत सारण भलतंच. आई ओरडली होती, “म्हशीचं बिशीचं खाऊ नकोस हो मेल्या!” तो पलीकडं खो खो हसत होता.

आणि आता मी इथं बसून तो सांगायचा तेच जेवत होतो. मी नुसताच भात चिवडत बसायचो, पण दिदी समोरून हलत नसे. “नदीकाठी उपाशी माणूस टिकत नाही, भाइ,” ती म्हणायची. तिचा नवरा लुधियानात गिरणीत होता. तिथं राहून आल्यामुळे तिला हिंदी चांगलं येई. इथं अडकलेल्या आम्हा सगळ्यांची ती दुभाषी झाली होती.

सगळ्यांची म्हणजे जे वाट पाहत होते त्यांची. सुरुवातीला बरेच होतो. मग एकेकाचा माणूस सापडत गेला, तसतसे ते उठून गेले. गोरखाकडची एक बाई होती, तिची बहीण सापडली. तिनं त्याच दिवसापासून पांढरं नेसलं आणि हॉटेलच्या मागे तीन दगडांची वेगळी चूल मांडून स्वतःपुरता भात शिजवू लागली. भात आणि तूप, एवढंच.

“भाजी देऊ का नेऊन?” मी दिदीला विचारलं.

“नको. तिला मीठ चालत नाही आता. आमच्याकडे माणूस गेला की घरचे तेरा दिवस मीठ बंद करतात.”

हे ऐकून समोरच्या बाकावरचा म्हातारा एकदम मान वर करून बघायला लागला. त्याला सगळे ‘बा’ म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागलो होतो. हर्कबहादुर बस्नेत त्याचं नाव. पूर्वेकडच्या डोंगरातून तो दोन दिवस चालून आणि मग गाड्या बदलत आला होता. त्याचा एकुलता मुलगा लोकेंद्र पोखऱ्यात बांधकामावर होता. कतारला जायचं म्हणून विमान पकडायला काठमांडूला निघालेला. बायको आधीच वारलेली. बा ताठ बसायचा, टोपी कधी काढायचा नाही आणि ताटातलं सगळं संपवायचा.

त्याच्याच गावचा एकजण त्याच्यासोबत आला होता. परत जाण्यापूर्वी तो बाला काहीतरी समजावून सांगू लागला. बानं एकच वाक्य बोलून त्याला गप्प केलं. मी दिदीकडे पाहिलं.

“तो म्हणाला, बा, आता मीठ सोडा. इतक्या दिवसांनी कोण जिवंत निघतं?” दिदी हळू आवाजात म्हणाली. “बा म्हणतो, मी मीठ सोडलं तर तो मेला. तो मेला असं नदीनं मला सांगितलेलं नाही.”

बानं ताट पुढे केलं आणि स्वतःच्या हातानं लोणच्यावर चिमूटभर मीठ टाकून घेतलं.

त्याला मोडकीतोडकी हिंदी येत होती. तरुणपणी डेहराडूनकडे रस्त्याच्या कामावर होता. दिवसभर आम्ही दोघं कड्याच्या कठड्यावर बसायचो. खाली जवान रबरी होड्या घालायचे, दोरखंड टाकायचे, पाण्याच्या जोरापुढं हात टेकून वर यायचे. आम्ही फारसं बोलत नसू. एकदा त्यानं विचारलं, “तुझा भाऊ पोहायचा?”

“विहिरीत पोहायचा. आणि तुमचा?”

“नाही. आमच्याकडे पाणी खाली दरीत, आम्ही वर. तो पाण्याला घाबरायचा.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “बसमध्ये खिडकीशी बसला नसेल.”

दिदीच्या गल्ल्याशेजारी फोन होता. रोज संध्याकाळी मी त्यावरून बार्शीला लावायचो. आईशी बोलणं होत नसे, फोनवर बंडूमामा असायचा. मी निघालो त्या दिवशी आईनं देवापुढे सांगून टाकलं होतं की दिगू सापडेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. आधी आम्हाला वाटलं, दोन दिवसांत हट्ट सुटेल. पण ती नुसत्या पाण्यावर होती. त्यात तिला साखरेचा आजार.

“मुकुंदा,” त्या संध्याकाळी मामाचा आवाज वेगळाच होता, “डॉक्टर येऊन गेले. सलाइन लावायला बसले तर ताईनं सुई उपसून टाकली. आता ती उठत नाहीये. मधेच बरळते. दिगूला हाका मारते, ताट वाढलंय म्हणते.”

“मामा, तिला काहीतरी सांगा ना. सापडला म्हणून सांगा.”

“सांगितलं रे. म्हणाली, माझ्या मुकुंदाच्या तोंडून ऐकू दे.”

“मग द्या तिला फोन.”

मामा म्हणाला, “खोटं बोलशील तर ओळखेल ती. लहानपणापासून ओळखते.” आणि मग एकदम फुटून म्हणाला, “बाबा रे, दोघांचं एकदम करायची वेळ आणू नकोस माझ्यावर!”

मी रिसीव्हर ठेवला आणि तिथंच गल्ल्याला धरून उभा राहिलो. दिदीनं विचारलं, तसं मी तिला सगळं सांगितलं. बोलता बोलता रडलोही असेन. बा बाकावर जेवत होता. त्यानं दिदीला काहीतरी विचारलं, दिदीनं सांगितलं. तो जेवायचा थांबला. बराच वेळ तो माझ्याकडे पाहत राहिला. मग उठला, हात धुतले आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची जीप आली. बरंच खाली, नदी रुंद होते तिथल्या वाळवंटात एक देह लागला होता. तरुण पुरुषाचा. त्या वयाचे आता दोघंच सापडायचे राहिले होते, लोकेंद्र आणि दिगू. त्यामुळे आम्हा दोघांनाच बोलावलं होतं. दिदीही दुकान टाकून बरोबर आली.

जीपमध्ये बा माझ्या समोर बसला होता. त्याच्या ओठांची हालचाल चालू होती. मीही मनात काहीतरी म्हणत होतो. काय मागत होतो ते आज सांगवत नाही. तो दिगू असावा असंही वाटत होतं आणि नसावा असंही.

वाळूत ताडपत्री टाकून चार बांबूंवर आडोसा केला होता. अधिकारी तरुण होता, भला माणूस. तो म्हणाला, “चेहऱ्यावरून कळणार नाही. कपडेही राहिलेले नाहीत. दोघांनी एकेक करून पाहा. घाई करू नका.”

आधी बा गेला.

तो आत पुष्कळ वेळ होता. बाहेरून मला त्याची फक्त पावलं दिसत होती. ती आधी डोक्याकडे होती, मग पायांकडे गेली आणि तिथंच थांबली. एकदा तो खाली बसला असावा, कारण त्याची पाठ ताडपत्रीला टेकलेली दिसली. मग तो बाहेर आला. टोपी डोक्यावर होती तशीच ताठ. अधिकाऱ्याकडे बघून तो स्पष्ट म्हणाला,

“होइन. मेरो होइन.”

नाही, माझा नाही. हे कळायला मला दिदी लागली नाही.

मग मी गेलो. काय पाहिलं ते लिहीत नाही. उंची दिगूएवढी होती, पण ती कुणाचीही असते. डाव्या पायाची करंगळी नव्हती. दगडांनी नेली असेल, असं मनाशी म्हटलं. आपल्या सख्ख्या भावाला आपण कशावरून ओळखतो, हे तिथं उभा राहून मला आठवेना. त्याचं हसणं आठवत होतं, चालणं आठवत होतं. समोर त्यातलं काहीच नव्हतं.

बाहेर येऊन मी म्हणालो, “मला सांगता येत नाही.”

अधिकारी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “राहिलेत दोघंच. ते नाही म्हणतात. म्हणजे तुमचाच.”

मी बाच्याकडे पाहिलं. तो नदीकडे तोंड करून उभा होता.

तिथंच, त्या वाळवंटात लाकडं रचली. ओल्या दिवसांत सुकी लाकडं मिळेनात. दिदीनं आपल्या छपराखालची वर्षाची साठवण गाडीत घालून आणवली. माझे केस उतरवले. मी अग्नी दिला. लाकडं नीट पेटेपर्यंत बा चितेजवळून हलला नाही. वाऱ्यानं जाळ एका बाजूला झुकला की तो लांब काठीनं ओंडका सारायचा, तूप ओतायचा, पुन्हा सारायचा. एकदा ठिणगी उडून त्याच्या बाहीवर पडली. त्यानं ती विझवलीसुद्धा नाही, दिदीनं धावत जाऊन विझवली. मला वाटलं, काय माणूस आहे. स्वतःचा मुलगा अजून पाण्यात, आणि दुसऱ्याच्या भावासाठी एवढं करतोय.

दुपार कलताना आम्ही हॉटेलवर परत आलो. मी आधी बार्शीला फोन लावला. या वेळी आईच्या कानाशी रिसीव्हर धरायला सांगितलं.

“आई, दिगू सापडला. मी त्याला अग्नी दिला.”

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग तिनं विचारलं, “तू स्वतः दिलास?”

“मी स्वतः दिला, आई.”

तिनं हंबरडा फोडला. तो संपेपर्यंत मी फोन कानाला धरून उभा होतो. बऱ्याच वेळानं मामा आला आणि म्हणाला, “शेजारच्या गोखल्यांनी पिठलं-भात पाठवलाय कडू घासाचा. ताईनं चार शितं खाल्ली बघ. खाल्ली रे बाबा!”

मी वळलो तेव्हा दिदी ताटं वाढत होती. माझ्यासाठी तिनं वेगळा, साधा भात काढून ठेवला होता. बाच्या पुढ्यात तिनं रोजच्यासारखं ताट ठेवलं. डाळ, बटाट्याची भाजी, लोणचं. बानं ते ताट हातानं हळूच मागे सारलं.

“नुन नहालेको,” तो म्हणाला.

दिदीच्या हातातला डाव तसाच राहिला. मला आधी शब्द कळला आणि मग एकदम सगळंच कळलं. बिनमिठाचं, असं तो म्हणाला होता.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. दिदीनं तोंडाला पदर लावला आणि ती मागं चुलीकडे निघून गेली.

मी उठून बाच्या समोर जाऊन बसलो. “बा, तो लोकेंद्र होता?”

त्यानं टोपी नीट केली.

“बा!”

“लहान असताना गवत कापताना विळा लागला होता,” तो म्हणाला. “डाव्या पायाला. मीच पाठीवर घेऊन खाली आणला होता दवाखान्यात. करंगळी गेली. पाय वाचला.”

“मग नाही कशाला म्हणालात? मी आत्ता जातो. त्या साहेबांना सांगतो…”

त्यानं माझं मनगट पकडलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“बस. काय सांगशील? जे जळलं ते जळलं. तुझ्या आईनं घास घेतला?”

“घेतला.”

“मग झालं तर.” त्यानं मनगट सोडलं. “मेलेल्याला आग पाहिजे. ती कुणाच्या हातची, ते त्याला काय ठाऊक? माझ्या घरी माझी वाट बघत उपाशी बसलेलं कुणी नाही. तुझ्या घरी आहे.”

“पण तुम्ही बाप आहात त्याचे. तुमच्या हातानं…”

“लाकडं मीच सारत होतो ना,” बा म्हणाला. मग त्याचा चेहरा हळूहळू मोडत गेला. तो रडत नव्हता. पण तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिलेला नाही, आणि पाहायला लागू नये.

दिदी साध्या भाताचं ताट घेऊन आली. वर तुपाची धार. आम्ही दोघांनी समोरासमोर बसून तो बिनमिठाचा भात खाल्ला. कसा लागतो म्हणाल, तर मातीसारखा लागतो. बानं नेहमीसारखं ताट संपवलं.

निघताना मी अस्थींची मडकी त्याच्यापुढे धरली. त्यानं कापड बाजूला करून आत पाहिलं, बोटानं थोडं उजवं-डावं केलं आणि कापड पुन्हा बांधून दिलं.

“ने. रिकाम्या हातानं गेलास तर आई विचारेल.”

“तुम्ही आता गावी जाल?”

“नाही. पाणी उतरेपर्यंत थांबतो. तुझा अजून आत आहे. कुणीतरी पाहिजे ना इथं.”

मी घरी आलो. आईनं मडकी मांडीवर घेतली आणि सबंध दिवस खाली ठेवली नाही. गोदावरीत अस्थी सोडल्या, दहावं-तेरावं केलं, दिगूच्या नावानं गाव जेवलं. आई काठी धरून चालू लागली, थोडंथोडं खाऊ लागली. मी कुणालाच काही बोललो नाही. आईच्या पोटात अन्न जात होतं, आणि ते अन्न कशावर उभं आहे ते मला माहीत होतं.

नवरात्र सुरू झालं तेव्हा दुकानातला फोन वाजला. आई बाजूलाच स्टुलावर बसून वाती वळत होती. फोन फूलमाया दिदीचा होता, आवाज लांबून येत होता.

“भाइ, नदी निवळली. तळ दिसतोय. बस वर काढली. आत कुणी नाही. बा रोज काठानं खालपर्यंत जाऊन यायचा. आता दसऱ्याला गावी निघालाय. पण म्हणतो, तुझ्या भावाला तसंच सोडून जाणार नाही. दर्भाचा पुतळा करून अग्नी देतो म्हणतो. भटजी आणलाय. त्याला तुझ्या भावाचं पूर्ण नाव आणि गोत्र पाहिजे.”

मी आईकडे पाठ केली आणि शक्य तितक्या हळू म्हणालो, “दिगंबर विष्णू खटावकर. कौशिक गोत्र.”

“जोरात बोल, ऐकू येत नाही.”

मला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.

वळलो तेव्हा आईच्या हातातला कापूस खाली पडला होता.

“दिगूचं गोत्र कोण विचारतंय आता?” ती म्हणाली. “कशाला?”

मी रिसीव्हर हातात धरून उभा होतो. मामा म्हणाला होता तेच खरं होतं, ती मला लहानपणापासून ओळखत होती.

“मुकुंदा,” तिनं विचारलं, “मग मी मांडीवर कुणाला घेतलं होतं?”

मी तिला सांगितलं. नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, बिनमिठाच्या भाताचं सांगितलं. पलीकडे दिदी हॅलो, हॅलो म्हणत होती. आई रडली नाही. स्टुलावरून उठली, भिंतीला धरून माझ्यापर्यंत आली आणि रिसीव्हरकडे बोट दाखवत म्हणाली,

“ठेवू नकोस तो. आधी विचार त्यांना, लोकेंद्रचं गोत्र काय. आपण त्या पोराला परक्याच्या नावानं पाणी दिलंय रे.”